आर्तो काहीच बोलला नाही

६ जानेवारी, सोमवार

पुण्याच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की परदेशी कंपनीबरोबर काम करताना रोजची नोंद ठेवा. ती मी कॉम्प्युटरवर इंग्रजीत ठेवणार आहे, दोन्हीकडच्यांना दिसेल अशी. ही वही माझी एकटीची. जे तिकडं लिहिता येणार नाही ते इकडं.

आज फिनलंडच्या कंपनीशी करार झाला. माधवनगरातला आमचा कारखाना म्हणजे अण्णांनी उभी केलेली एक मोठी शेड. आम्ही बेदाण्याच्या काड्या काढायची आणि प्रतवारी करायची यंत्रं बनवतो. यंत्र धाकट्या भावाचं, अतिशयचं. गिऱ्हाईक, बँक, फोन आणि बोलणं माझं. फिनलंडची माणसं लाकूड वाळवायच्या खोल्या बनवतात. तिकडं ऊन नसतं, म्हणून हवेतलीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतात. पुण्याच्या प्रदर्शनात अतिशय त्यांच्या स्टॉलपुढं उभा राहिला तो हललाच नाही. त्याच्या डोक्यात तिथंच आलं की लाकूड वाळतं तर द्राक्षही वाळेल. आपल्याकडं द्राक्ष शेडमध्ये जाळीवर पंधरा दिवस पडून असतं. मधेच अवकाळी पाऊस आला की बेदाणा काळा. ड्रायरमध्ये दोन-तीन दिवसांत वाळला आणि हिरवा राहिला तर जिल्ह्यात आमचं नाव होईल. उष्णतेचं यंत्र त्यांचं. खोली, पंखे, ट्रॉल्या आमच्या.

बैठक व्हिडिओवर. तिकडून सान्ना नावाची बाई, ती प्रमुख, आणि आर्तो, त्यांचा इंजिनियर. सान्नानं विचारलं, चाचणी कधी? मी म्हटलं, मार्चअखेर. दोघंही गप्प. पडद्यावर नुसती बघत बसली. मला वाटलं, उशीर वाटला त्यांना. म्हटलं, पंधरा मार्चपर्यंतही जमेल. तरी गप्प. आर्तोनं चष्मा काढून पुसला. मग मी म्हटलं, मार्चचा पहिला आठवडा, नक्की.

तेव्हा कुठं आर्तो बोलला, "ठीक आहे."

पहिल्याच बैठकीत त्यांना राजी केलं. अतिशयला मात्र आनंद झालेला दिसला नाही. म्हणाला, "ताई, त्यांनी लवकर मागितलं होतं का?"

"तोंडावर दिसत नव्हतं का?"

"मला काही दिसलं नाही," म्हणाला आणि शेडमध्ये गेला. व्यवहारातलं त्याला कळत नाही. लहानपणापासून असाच. आई गेली तेव्हा तो चौथीत होता. तेव्हापासून त्याच्या वाटचं बोलायचं काम माझ्याकडं आहे.

२८ जानेवारी

आर्तो आला. पन्नाशीचा, उंच, कान लाल. हार, पेढे, शाल, सगळी तयारी केली होती. अण्णांनी आजारी असूनही फेटा बांधला. मी दहा मिनिटं बोलले. आर्तोला म्हटलं, दोन शब्द सांगा. तो उठला आणि म्हणाला, "धन्यवाद. शेड कुठे आहे?"

शेडमध्ये त्यानं सगळी यंत्रं हात लावून पाहिली. आमच्या वेल्डरला, आकारामला, एका जोडाकडं बोट दाखवून म्हणाला, "हा जोड वाईट आहे." सगळ्यांसमोर! मी आकारामला मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतायत, छान आहे, अजून छान होईल." आकारामला इंग्रजी येत नाही, पण बोट कळतं. त्यानं मुकाट्यानं जोड कापला आणि पुन्हा मारला. आर्तोनं तो पाहिला आणि म्हणाला, "हा चांगला आहे." हेही त्याच आवाजात.

आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवतात. पाहुण्याला साडेपाचला जेवायला बसवायचं म्हणून मला ओशाळल्यासारखं झालं होतं. मी तीनदा माफी मागितली. तो ताटावर बसला, तीन भाकरी, दोनदा वांगं, दोनदा आमटी, आणि एक शब्द नाही. दुपारचं हॉटेलात धड मिळालं नसेल म्हणून उपाशी होता बिचारा. चव काही त्याला रुचलेली दिसली नाही. उद्या पनीर करावं का?

२ फेब्रुवारी, रविवार

पाहुण्याला रविवारी हॉटेलात एकटं सोडायचं म्हणजे कसं दिसतं? महाबळेश्वरला घेऊन गेले. पहाटे निघालो, वाटेत मी त्याला सगळा इतिहास सांगितला, किल्ले, नद्या, साखर कारखाने. तो खिडकीतून बघत होता. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात थांबलो तेव्हा मात्र वाकून बराच वेळ पानं उलटी करून बघत बसला. पॉइंटवर दरीकडं तोंड करून उभा राहिला तो राहिलाच. मी मागून माकडांच्या गोष्टी सांगत होते. शेवटी माझंच तोंड दुखायला लागलं.

परतीला म्हणाला, "आभारी आहे. पुढचा रविवार मी हॉटेलातच घालवीन."

मनाला लागलं. एवढं केलं माणसासाठी. सान्नाला काय सांगेल हा? आल्यावर अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, माणूस चांगला हाय की. काल सांजचं माझ्याजवळ पायरीवर बसला हुता तासभर."

"काय बोलला?"

"कशाला बोलंल?" अण्णा म्हणाले.

८ फेब्रुवारी

ड्रायरचं कंट्रोल पॅनेल साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वीरधवल करतोय. कोरेगावचा, फौजेत रेडिओ दुरुस्त करायचा, निवृत्त होऊन हा धंदा टाकलाय. हात सोन्याचा, तारखा कशाच्या कशा. परवा फोनवर म्हणाला, "ताई, पॅनेल निघालंच समजा." मी तसं आर्तोला सांगितलं. काल सकाळी बघते तर आर्तो शेडच्या फाटकात उभा. विचारलं तर म्हणाला, पॅनेलची गाडी येतेय ना. जेवायच्या वेळेपर्यंत उभा होता. मला ओरडावंसं वाटलं की अहो, निघालंच म्हणजे निघालं नव्हे!

म्हणून आज दोघं साताऱ्याला. वीरधवलनं आधी चहा, मग कंदी पेढे. पॅनेल टेबलावर उघडं पडलेलं, तारा बाहेर.

आर्तोनं विचारलं, "कधी होईल?"

"दोन दिवसांत, सर. टॉप प्रायॉरिटी."

आर्तोनं लिहून घेतलं. मग पेन टेबलावर ठेवून वर बघितलं. "दोन दिवस म्हणजे दोन दिवस?"

बाहेर कुणीतरी पत्रा कापत होतं. मी मधे पडणार तेवढ्यात वीरधवल छताकडं बघत मराठीत म्हणाला, "ताई, खरं सांगू व्हय? एक सुटा भाग पुण्यातनं यायचा हाय. आठ-दहा दिवस धरा." मी भीत भीत भाषांतर केलं.

आर्तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा. उठून वीरधवलचा हात हातात घेतला आणि लिहिलेलं खोडून नवं लिहिलं.

आपल्याला हसतोय हे मला स्पष्ट दिसलं. एका भारतीय माणसाला खोटं पाडल्याचा आनंद. वीरधवलला मात्र तो फार आवडला. निघताना म्हणतो, "ताई, साहेब आपला माणूस हाय." कशावरून कोण जाणे.

१७ फेब्रुवारी

आर्तो काल परत गेला. मूळ तिकीट दहाचं होतं. परस्पर सहा दिवस लांबवलं, कारण सांगितलं नाही. कामात काहीतरी खटकलं असणार म्हणून नजर ठेवायला थांबला असेल. या दिवसांत तो आणि अतिशय सकाळपासून ड्रायरच्या खोलीत. मी अधूनमधून चहा घेऊन जायचे. एक जण पकडतोय, एक जण स्क्रू पिळतोय, आणि स्मशानासारखी शांतता. दोघांचं जमत नाही हे उघड आहे. मी अतिशयला समजावलं, जरा बोलत जा, माणसाला परकं वाटतं. तो म्हणाला, "बोलतो की."

२४ फेब्रुवारी

आर्तोची मेल आली. एकच प्रश्न. खोलीच्या वरच्या भागात गरम हवा खाली वळवणारे पत्रे बसले का?

बसलेले नाहीत. अतिशय म्हणतो, ते नीट बसवायला आठवडा पाहिजे, घाई करू नये, चाचणी पुढं ढकल. पुढं कशी ढकलू? तारीख मी दिलेली. पहिल्याच शब्दाला फिरलो तर उद्या कोण विश्वास ठेवेल? आणि तीन-चार पत्र्यांनी काय एवढं बिघडणार आहे?

मी लिहिलं, "हो, होऊन जाईल."

आपल्याकडं याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मनापासून प्रयत्न करू, असा. हे खोटं नव्हे.

५ मार्च

आज ड्रायरची भरणी. द्राक्षं कवलापूरच्या हरणाबाईंची. तीन एकर बाग एकटीच्या हिमतीवर सांभाळते, पोरगा पुण्यात नोकरीला. माणूस तिखट, पण नव्या गोष्टीला ती कधी नाही म्हणत नाही. माझ्या शब्दावर तिनं अर्धा टन माल दिला. द्रावणात बुडवून ट्रे भरून सगळं खोलीत गेलं, दार लागलं, तेव्हा चाचणीसाठी पुन्हा येणाऱ्या आर्तोची गाडी मुंबईहून पोचत होती. विमानाला उशीर झाला होता. बरंच झालं, असं मनात आलं. ते इथंच लिहिते.

दोन पत्रे बसले होते. बाकीचे राहिले.

आर्तोनं दारावर हात ठेवून विचारलं, "सगळं लिहिल्याप्रमाणे?"

मी म्हटलं, हो. अतिशय जमिनीकडं बघत होता.

७ मार्च

खालचे ट्रे हिरवे, सुरेख. मधले पिवळे. वरचे सगळे काळे. काळे म्हणजे जळक्या गुळासारखे, हातात घेतले की तडकत होते.

हरणाबाईंना मीच फोन केला होता. त्या येईपर्यंत काय बोलायचं ते मनात लावून ठेवलं होतं. म्हटलं, "मावशी, वरच्या थोड्या मालाचा रंग जरासा बदललाय."

त्यांनी एक मणी उचलला, दाताखाली धरला, थुंकला.

"रंग बदललाय म्हनं. काळं झालंय म्हन की, कस्तुरी. मला काय दिसत न्हाई व्हय?"

आर्तोनं विचारलं, काय म्हणतायत त्या? मी सांगितलं. त्यानं हरणाबाईंकडं तोंड केलं आणि सावकाश, छोट्या छोट्या वाक्यांत बोलला. मला शब्दाला शब्द सांगणं भाग पडलं. "चाचणी फसली. अर्धा माल गेला. चूक आमची आहे. तुमची द्राक्षं चांगली होती."

मला वाटलं, आता ती उसळणार. आम्ही सगळेच वाट बघत उभे. हरणाबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "ह्यो माणूस बरा हाय. काय झालं त्ये सांगतोय तरी. भरपाईचं मागनं बघू. आधी का झालं ते दाव मला." आणि सरळ खोलीत शिरल्या. आर्तो मागोमाग. आतून बराच वेळ त्याचं इंग्रजी आणि हिचं कवलापुरी ऐकू येत होतं. मी न सांगताही त्यांचं चाललं होतं.

अतिशय दिवसभर जेवला नाही.

८ मार्च

आर्तोनं मला ऑफिसात बोलावलं. म्हणजे माझ्याच ऑफिसात. समोर ती मेल उघडी.

"इथे हो लिहिलं आहे."

मी सांगितलं की आमच्याकडं 'होऊन जाईल' म्हणजे... आणि थांबले. इंग्रजीत सांगायला गेले तर त्याला काही अर्थच उरेना.

तो इतका वेळ गप्प राहिला की मला भिंतीवरचं कॅलेंडर पाठ झालं. मग म्हणाला, "मी प्रश्न नीट विचारला नाही. आज बसले आहेत का, असं विचारायला हवं होतं. आणि दार उघडून बघायला हवं होतं."

यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं. इतका सभ्य टोमणा मी आयुष्यात ऐकला नाही.

१० मार्च

आर्तोनं अहवाल लिहिला आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिला. "चाचणी अयशस्वी. वरचे पत्रे अपुरे. भागीदारानं काम पूर्ण असल्याचं कळवलं होतं. मी स्वतः न तपासता भरणी मान्य केली. तारीख पहिल्यापासून अवास्तव होती. ती मान्य करण्यात आमचीही चूक." खाली काळ्या बेदाण्याचे फोटो, ट्रेनुसार.

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, एवढं उघडं लिहू नका. काही अडचणी आल्या, असं लिहा. विजेचा दाब कमी होता, असं लिहा, तो असतोच. वरची माणसं हे वाचून करार मोडतील, माझ्या भावाचं नाव जाईल.

त्याला माझं बोलणं कळेना. चेहऱ्यावर दिसत होतं की खरोखर कळत नाही. म्हणाला, "हे लिहिलं नाही तर पुढच्या वेळी आपण पुन्हा हेच यंत्र बनवू."

आणि पाठवलं.

पायरीवर अण्णा होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग? काय खोटं लिवलंय त्यात?" मला रडू आलं, म्हणून आत गेले.

१५ मार्च

सान्नाचं उत्तर नाही. बैठक एकोणीसला. संपलं सगळं, हे मला माहीत आहे.

अतिशयनं तर आशाच सोडलीय. आकारामला पत्रे कापायचं, मापं घ्यायचं, पंखे जुळवायचं सगळं शिकवत बसतो, जणू स्वतःला यात हात घालायचाच नाही. काल मला विचारलं, "अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा तुला पाठ आहेत ना?" आज शाळा सोडल्याचा दाखला शोधत होता. मन रमवायला कागद आवरतोय, आवरू दे. अपयशानं माणूस असा होतो. आर्तो आहे म्हणून दोघं मिळून उरलेले पत्रे बसवतायत, पण बोलणं चालणं पूर्वीसारखंच, म्हणजे नाहीच.

१९ मार्च

बैठक झाली. सविस्तर लिहिते.

सान्ना पडद्यावर, आर्तो आमच्या बाजूला. तिनं अहवाल वाचल्याचं सांगितलं आणि विचारलं, "आता तुमचं काय म्हणणं आहे?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. पुढची चाचणी आमच्या खर्चानं, दहा दिवसांत, रंगाची हमी. तोंड उघडलं आणि शेजारी आर्तोकडं नजर गेली. तो माझ्याकडं बघत होता, नेहमीसारखा, काहीच न दाखवता. त्या क्षणी साताऱ्याचा वीरधवल का आठवला सांगता येणार नाही. मी तोंड मिटलं.

पंख्याचा आवाज येत होता. सान्ना वाट बघत होती, आणि तिला घाई नव्हती. मी पहिल्यांदाच त्यांच्याइतका वेळ घेतला. मग म्हटलं, "एप्रिलच्या आधी जमणार नाही. आणि रंग हिरवाच राहील की नाही, मला माहीत नाही."

धंद्यात पंधरा वर्षं काढली, गिऱ्हाइकाला 'माहीत नाही' असं कधी म्हटलं नव्हतं.

सान्ना म्हणाली, "चांगलं. मग एप्रिल." पुढं म्हणाली की आत्तापर्यंत आलेल्या अहवालांत हा सर्वांत कामाचा होता, त्यावरून नवं यंत्र कसं करायचं हे त्यांना कळलं, आणि दुसरा हंगामही त्यांना आमच्याबरोबरच करायचा आहे.

नापास झालेल्या पोराला बक्षीस द्यावं तसं झालं. मला अजून उमगत नाही. आर्तोला म्हटलं, तुम्हाला हे आधीच माहीत होतं? म्हणाला, "नाही. पण अंदाज होता." मग सांगावं की नाही माणसानं!

तो उद्या निघेल. आज त्यानं वांग्याची भाजी कशी करतात ते विचारलं. मीठ-मसाला लिहून घेतला. पहिल्या दिवशीची.

१ एप्रिल

पाडवा झाला आणि आभाळ भरून आलं. काल दुपारी कवलापूर, माधवनगर, तासगाव, सगळीकडं वाऱ्यासकट पाऊस. शेडच्या ताडपत्र्या उडाल्या. आज पुन्हा येणार म्हणतात.

सकाळी हरणाबाई फाटकात हजर. ट्रॅक्टरमध्ये द्राक्षांचे क्रेट. शेवटची तोड, कालच उतरवून घेतलेली.

"कस्तुरी, माझ्या शेडात पानी शिरलंय. घिऊन टाक आत."

पत्रे सगळे बसलेत, पण एकदाही मालावर चालवून बघितलेलं नाही. रिकामी खोली तापवली तेवढंच. तिला हे वाक्य कसं सांगू, असा विचार करत होते तेवढ्यात सांगूनही टाकलं. "मावशी, नवं झाल्यावर माल घातलेला नाही. काळं होणार नाही असं मला म्हणता येत नाही."

"हुईल असं तरी म्हनता येतंय का?"

"तेही नाही."

"मग माहीत न्हाई म्हन आनि दार उघड. भायेर तर काळं हुनार हे ठरल्यालंच हाय."

अतिशय पुढं झाला. आकारामनं ट्रे लावले. आर्तोला फोन लावला, तिकडं पहाट होती. त्यानं तापमानाचे आणि पंख्यांचे चार आकडे सांगितले आणि म्हणाला, दर दोन तासांनी वरचा ट्रे उघडून बघा, कितीही आत्मविश्वास वाटला तरी. अतिशय 'हं' म्हणाला. तिकडून आर्तोही 'हं' म्हणाला. एवढ्यात दोघांचं काम झालं.

४ एप्रिल

उघडलं.

हिरवा म्हणवत नाही. पिवळसर हिरवा. वरचे ट्रे खालच्यापेक्षा किंचित गडद. पण काळा एकही मणी नाही.

हरणाबाईंनी मूठ भरून घेतली, उन्हात धरली. "पयल्या नंबरचा न्हाई."

"नाही."

"पन बेदाना हाय," त्या म्हणाल्या. मग आकारामच्या तळहातावर चार मणी ठेवले, अतिशयच्या ठेवले, माझ्या ठेवले. "खा की. बघताय काय?"

गोड होता. सगळे चघळत उभे होतो. कवलापूरच्या वाटेवर दोन्ही बाजूंना लोक भिजलेल्या जाळ्या झाडत होते, हे येताना पाहिलं होतं, त्यामुळं आनंद मोठ्यानं करवेना.

अहवाल यावेळी मी लिहिला. "रंग कमी पडला. कारण अजून समजलेलं नाही." हे दुसरं वाक्य दोनदा पुसलं आणि शेवटी ठेवलं.

१० एप्रिल, महावीर जयंती

मिरवणुकीहून आलो. अण्णा झोपले. अतिशय माझ्यासमोर येऊन बसला, आणि बोलू लागला. तो आपण होऊन बोलतोय हेच मला आधी विचित्र वाटलं.

आर्तोनं त्याला फेब्रुवारीतच विचारलं होतं. ऑगस्टपासून हिवाळा संपेपर्यंत तिकडं यायचं, त्यांच्या शेडमध्ये पुढचं यंत्र दोघांनी मिळून बनवायचं. पासपोर्टला लागणारा दाखला त्यासाठी. आकारामला शिकवणं त्यासाठी. अण्णांच्या गोळ्या त्यासाठी.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच हो म्हणाली असतीस, ताई."

मी अण्णांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

"तुझं हो मला ओळखू येत नाही," तो म्हणाला. "खरं कुठलं आणि माझ्यासाठीचं कुठलं. म्हणून पहिली चाचणी होईपर्यंत थांबलो. मग ती तशी झाली. मग बोलवेना." मग विचारलं, "जाऊ का?"

हो, जा की, असं तोंडात आलंच होतं. आयुष्यभर त्याला हेच म्हणत आलेय. इंजिनियरिंगला जा, प्रदर्शनाला जा, माझी काळजी करू नको. मी म्हटलं, "उद्या सांगते."

तो उठून गेला नाही. बसून राहिला. तसेच दोघं बसलो.

११ एप्रिल

सांगितलं. सकाळी, शेडमध्ये, आकाराम यायच्या आधी.

म्हटलं, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं. अण्णा थकलेत. यंत्रातलं मला कळत नाही, आकारामला अर्धं कळतं. आणि तू नसलास की घरात मी कुणाशी बोलणार, हेही आहे." त्याचा चेहरा उतरला. मी थांबले नाही. "तरी जा. हे दोन्ही खरं आहे. एक सांगून दुसरं लपवायचं नाही म्हणून दोन्ही सांगितलं."

तो ट्रॉलीच्या दांड्याला धरून उभा होता. मला अपेक्षा होती की आता म्हणेल, मार्चमध्ये परत येतोच, काळजी करू नको. कुणीही म्हटलं असतं. मी असते तर नक्कीच म्हटलं असतं.

तो म्हणाला, "ताई, परत कधी येईन ते आत्ता सांगत नाही. तिथं काम किती लांबेल, मला तिथं कसं वाटेल, माहीत नाही."

हे ऐकून बरं वाटलं असं लिहिणार होते. वाटलं नाही. पण त्यानं मला फसवलं नाही, आणि त्याचं म्हणणं मला पहिल्यांदा मधे काही न भरता नीट ऐकू आलं.

मग आकाराम आला, त्यानं शटर वर केलं. वरच्या ट्रेचा रंग का गडद येतो ते शोधायचं आहे. मी अतिशयला म्हटलं, मला शिडीवर चढव आणि पत्रा कसा बसतो ते दाखव. त्यानं शिडी धरली. मी चढले. वरच्या पत्र्यापर्यंत हात पोचतो माझा.